बुवापाड्याचे घर विकू नये म्हणून

मी, अंजना सुदाम शेजवळ, वय वर्षे सहासष्ट, धर्म बौद्ध, पूर्वी काडेपेटीच्या कारखान्यात नोकरी व हल्ली भाषणे, राहणार बुवापाडा, अंबरनाथ, जिल्हा ठाणे, आज पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून आणि प्रसन्न मनाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायचा प्रयत्न माझ्या मुलाने केला, तो कसा फसला ते पुढे येईलच. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो शिवरामला अवश्य दाखवावा. हा शिवराम आमच्या सभांचा ध्वनिक्षेपकवाला. माझ्या डोक्याविषयी त्याला कायम शंका असते.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण आजवर घरावर कोणाचा डोळा नव्हता.

कलम १. पुस्तके. दोन लोखंडी कपाटे भरून आहेत. ती सर्व विहाराच्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी पेन्सिलीने लेखकांशी भांडण केले आहे, ते खोडू नये.

कलम २. माझ्या मालकीचा माईक शिवरामला द्यावा. गेली वीस वर्षे मी बोलण्याच्या भरात आले की हा इसम बटण बंद करतो आणि "बाई, लाइट गेली" म्हणतो. डोक्यावरचा बल्ब चालू असतानाही म्हणतो. माझी अट एवढीच की माझ्या शोकसभेला याच माईकवर त्याने स्वतः बोलावे आणि बटणापाशी दुसऱ्या कोणीतरी बसावे.

कलम ३. राहते घर. याच्यासाठीच हा सगळा कागद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वकिलांनी "थोडक्यात लिहा" असे सांगितले होते. त्यांनी मला सभेत ऐकलेले नाही.

बुवापाड्यातील दोन खोल्या आणि पुढचा ओटा मी व माझे मयत पती सुदाम यांनी पगारातून उभा केला. त्यांच्या पश्चात हे घर एकट्या माझ्या नावावर आहे. माझा एकुलता मुलगा हरिचंद्र वेल्डर आहे. तो कुवेतला होता. गेल्या वर्षी इराकचे सैन्य तिथे शिरले, तेव्हा तो वाळवंटातून जॉर्डनपर्यंत पोचला आणि सरकारी विमानाने मुंबईला उतरला. हातात एक पिशवी, पिशवीत हेल्मेट. महिनाभर "परत त्या वाळूचं नाव काढणार नाही" म्हणत होता. आता लढाई संपली, अमेरिकेच्या कंपन्या कुवेत नव्याने बांधायला बसल्या, आणि मुंबईच्या एका एजंटाचा निरोप आला. एजंटाला पैसे हवेत, त्यासाठी घर विकायचे, असा बेत ठरला. आमचे बोलणे असे झाले:

"आई, पगार दुप्पट झालेत तिकडे."

"तेलाच्या विहिरी पेटल्यात तिकडे."

"म्हणून तर माणसं पाहिजेत ना!"

"आणि पुन्हा लढाई झाली तर?"

"तर पुन्हा फुकट विमानानं येईन की."

"येशील. पण विमानतळावरनं कुठल्या घरी जाशील, ते सांग."

त्यावर तो उल्हासनगरच्या कॅम्प तीनला पिक्चर बघायला निघून गेला.

माझे या बाबतीतले मत जुने आहे. दुसरे महायुद्ध चालू होते तेव्हा माझे वडील धोंडिबा आज जिथे उल्हासनगर आहे त्या लष्करी छावणीत पोती वाहत. पोत्यांत गोऱ्या शिपायांचा गहू असे आणि घरी आम्ही रेशनच्या नासक्या ज्वारीतले किडे निवडत असू. लढाई कोणाची, कोणाशी, हे आम्हाला कोणी विचारले नव्हते. देशच परक्यांच्या ताब्यात, तिथे हमालाला कोण विचारणार? पुढे स्वराज्य आले. त्या बराकींत सिंधहून आलेली माणसे राहिली आणि छावणीचे शहर झाले. मला वाटले, आता आपल्याला विचारतील. यंदाच्या जानेवारीत परक्यांच्या लष्करी विमानांनी आपल्या विमानतळावर तेल भरून घेतले. उन्हाळ्यात देशाचे सोने परदेशी गहाण पडले. पावसाळ्यात रुपया घसरला. लढाई पुन्हा दुसऱ्याची होती आणि झळ आमच्या चुलीपर्यंत आली. देशाच्या सोन्याबद्दल मला कोणी विचारले नाही. घराबद्दल विचारले आहे, आणि मी नाही म्हणते.

म्हणून हे घर मी माझी सून गंगू हरिचंद्र शेजवळ हिला, एकटीच्या नावाने, विकण्याच्या व गहाण ठेवण्याच्या पूर्ण अधिकारासह देत आहे. अधिकार मुद्दाम दिला आहे. ती विकणार नाही याची मला खात्री आहे, आणि त्या खात्रीचे कारण कलम ४ मध्ये आहे. हरिचंद्रने तिथे राहावे की नाही, हेही तिनेच ठरवावे. हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "राहू दे की. भांडी घासायला कोणीतरी लागतंच."

कलम ४. चौकातला फळा. विहाराच्या भिंतीवरचा हा काळा फळा मालमत्ता आहे की नाही, यावर वकील चिंतामणी पगारे अर्धा तास बोलले. ते काही म्हणोत, मी तो देत आहे. रोज सकाळी मी त्यावर जगाची बातमी आणि तिचा अर्थ लिहिते. आमचा नियम असा की ज्याला पटत नाही त्याने खाली नावानिशी लिहावे. वीस वर्षांत बायकांपैकी कोणी लिहिले नव्हते.

विमानांच्या तेलावर मी फळाभर लिहिले, त्या दिवशी दुपारी खाली ओळी उमटल्या: "आत्याबाईंना जयभीम. विमानात तेल कोणी भरलं ते कळलं. स्टोव्हमध्ये कोण भरणार ते लिहिलं नाही. रॉकेलचा टँकर काल दुपारी आला, दुकानदार म्हणतो आला नाही. मी पाहिला. गंगू शेजवळ."

घरात ही मुलगी मीठ हवे का, याच्यापलीकडे माझ्याशी बोलत नसे! संध्याकाळी बायका डबे घेऊन दुकानावर गेल्या. मीही गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा मागे उभी राहिले. दुकानदाराने फळ्याकडे बोट करून "कोणी लिहिलं?" असे दरडावले. गंगू म्हणाली, "नाव खाली आहे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवते." दुकान उघडले. मी दहा ग्रंथ वाचून जे लोकांना पटवू शकले नाही, ते हिने चार ओळींत पटवले. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

तेव्हापासून फळ्याचे दोन भाग आहेत. वरचा माझा, जगाचा. खालचा तिचा: रॉकेल, पाणी, कोणत्या कारखान्यात भरती आहे, कोणत्या एजंटाने कोणाला फसवले. कॅम्प तीनचे वासुमल, ज्यांच्या जीन्सच्या कारखान्यातून गंगू धागे कापायचे काम घरी आणते, ते परवा म्हणाले, "साईं, बुरा मत मानना, आपका ऊपरवाला कोई नहीं पढ़ता. सब नीचे देखते हैं." मी वाईट वाटून घेतले नाही. थोडेच घेतले. माझ्यामागे दोन्ही भाग गंगूचे. वर जग लिहायचे तिने सोडू नये. टँकर कुठून निघतो, ते वरच कळते.

कलम ५. पोस्टातील शिल्लक खडूंसाठी आणि शोकसभेच्या चहासाठी वापरावी. अंत्यविधी त्रिशरण-पंचशील म्हणून साधेपणाने करावा. रडणाऱ्यांनी एकदा रडून घ्यावे आणि नंतर चहा प्यावा. भाषणे पाच मिनिटांची असावीत. लांब बोलण्याचा बुवापाड्याचा कोटा मी वापरून संपवला आहे.

कलम ६. साक्षीदार. वकील म्हणतात, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये. इथेच अडचण आली, कारण शिवरामला माईक, विहाराच्या चिटणिसांना पुस्तके, गंगूला घर. निरोप गेल्यावर वासुमल रिक्षाने आले आणि म्हणाले, "मैं चलूँगा. बाई ने मुझे चाय के सिवा कभी कुछ दिया ही नहीं." एक झाला. दुसरा कोण, यावर ओट्यावर चर्चा चालली होती. हरिचंद्र सकाळपासून तोंड फिरवून पायरीवर बसला होता. कागद त्याला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला होता. तो उठून आत आला.

"वकीलसाहेब, मला यातून काय मिळतंय?"

"तसं पाहिलं तर," वकील चष्मा पुसत म्हणाले, "काहीच नाही."

"भांडीसुद्धा तिचीच?"

"घासायची तुझी," गंगू आतून म्हणाली.

सगळे हसले, तोही हसला. मग त्याने एजंटाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी खिशातून काढून गंगूच्या हातात दिली आणि म्हणाला, "फळ्यावर लिहायच्या आधी मला विचार, हे नाव खोटं आहे, मी त्याचं खरं नाव सांगतो." आणि वकिलांकडे हात पुढे केला, "मग द्या पेन. दुसरा साक्षीदार मी."

पेन माझ्या हातात आहे. आधी सही माझी, मग त्याची. वरील मजकूर मी लिहिला, मोठ्याने वाचला, तो मला मान्य आहे, आणि मी मरायची घाई करणार नाही.

ठिकाण: बुवापाडा, अंबरनाथ
दिनांक: १४ ऑक्टोबर १९९१, धम्मदीक्षेचा दिवस

मृत्युपत्र करणार:
(सही) अंजना सुदाम शेजवळ

आमच्या समक्ष सही केली, आम्हीही तिच्या समक्ष केली:

१. (सही) वासुमल टेकचंद, धंदा जीन्स शिलाई, राहणार कॅम्प नं. ३, उल्हासनगर

२. (सही) हरिचंद्र सुदाम शेजवळ, धंदा वेल्डिंग, राहणार वरील घरातच