पहिल्या नंबरावरचं वाक्य

सोमवार, ३ मार्च

पहिला नंबर! "हाताला मुंग्या किती दिवस राहतात" असं कुणीही सर्च केलं की सगळ्यात वर आमच्या वेबसाइटचं पान. म्हणजे माझा लेख! चार महिने अकराव्या-बाराव्या नंबरावर लोळत पडला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. "लोक आकडा शोधतात. आपण आकडा दिला!"

आकडा खरं तर आईचा. शीर्षकात दिवस किती ते घालायचंच होतं, त्याशिवाय पान वर चढत नाही. आणि मला काय ठाऊक? मी इतिहास शिकलेली. आई पडदे पिळून हात झटकत होती, तिलाच विचारलं. "राहतात दोनेक दिवस. जातात आपोआप." झालं! मी लिहिलं — हाताला मुंग्या? घाबरू नका, दोन दिवस वाट पाहा. लेखिका म्हणून "डॉक्टरताई". पांढऱ्या कोटातला फोटो विकतचा.

आज आईला मोबाइलवर दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. "आता दारावर पाटी लावायला हरकत नाही," म्हणाली. खूश होती.

मंगळवार, ४ मार्च

एका दिवसात साडेतीन हजार लोकांनी उघडला. डबा खाताना तीनदा आकडा बघितला.

शुक्रवार, ७ मार्च

खालच्या मजल्यावरच्या सिस्टर जिन्यात भेटल्या. हॉस्पिटलात वीस वर्षं काढलेली बाई. मला कुठून दुर्बुद्धी सुचली, फुशारकीने लेख दाखवला. वाचता वाचता पायरीवरच बसल्या.

"हे कुणी लिहिलं गं?"

मी म्हटलं, आहे ऑफिसात एक जण.

"सांग तिला. मुंग्या पुष्कळदा साध्या असतात. पण एकाच बाजूचा हात अचानक बधिर झाला, जीभ अडखळायला लागली, तर तास मोजायचे असतात. दिवस नाही!"

आहे एक जण. किती सहज बोलून गेले मी! जेवण गेलं नाही.

सोमवार, १० मार्च

साहेबांकडे गेले. वाक्य काढू या, निदान वर ठळक सूचना घालू या. "पहिल्या नंबरावरच्या पानाला कुणी हात लावतं का? एक अक्षर हललं की घसरेल." सिस्टरांचं सगळं सांगितलं. "खाली बारीक अक्षरात लिहिलंय ना, हा वैद्यकीय सल्ला नाही म्हणून?" अर्धा तास बोलत होते मी. पालथ्या घड्यावर पाणी.

मंगळवार, ११ मार्च

सगळे चहाला गेले तेव्हा मीच बदललं. "दोन दिवस वाट पाहा" काढलं, "आजच डॉक्टरांना दाखवा" घातलं. बरं वाटलं!

बुधवार, १२ मार्च

पान चौथ्या नंबरावर. दुपारपर्यंत साहेबांनी जुना मजकूर परत टाकला. माझा पासवर्ड बंद. ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं. "थकलीयेस तू. पुढचा आठवडा केसगळतीवर लिही," म्हणाले.

शनिवार, १५ मार्च

पान पुन्हा पहिलं. आता तर सर्चमध्ये वरच्या चौकटीत तेवढंच वाक्य मोठ्या अक्षरांत येतं, लेख उघडायचीही गरज नाही. सर्चवाल्यांकडे तक्रार केली. उत्तर — आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.

मग खालची पानं बघितली. दुसरं, तिसरं, पाचवं — सगळीकडे दोन दिवस! आमच्याकडूनच उचललेलं. एकाने तर "तज्ज्ञांच्या मते" असं घातलंय. उंदराला मांजर साक्ष! तज्ज्ञ आत भांडी लावत होती. रडू आवरेना. आईने विचारलं, मी म्हटलं, डोळे चुरचुरतात. तिला काय सांगू? तिने लेकीला पडदे पिळून येणाऱ्या मुंग्यांबद्दल सांगितलं होतं.

पान वर कसं चढवायचं ते सगळं येतं मला. खाली कसं आणायचं ते कुणालाच विचारता येत नाही. ऑफिसात तर नाहीच नाही.

बुधवार, १९ मार्च

राजीनामा लिहिला. फाडला. मी गेले तरी पान तिथेच राहणार.

गुरुवार, २० मार्च

डॉक्टरताईच्या नावाने येणारी पत्रं अजून माझ्याकडेच येतात. आज एका बाईंचं आलं. जसंच्या तसं उतरवते —

"तुम्ही लिहिलं तसं आम्ही दोन दिवस थांबलो. आता यांची उजवी बाजू हलत नाही, वाचाही गेली आहे. इथले डॉक्टर घाईत असतात, काही नीट सांगत नाहीत. तुमचं लिहिणं लगेच समजतं. ताई, आता तुम्हीच सांगा, हे किती दिवसांत बोलायला लागतील?"