एकाहत्तर किलो

अहो,

तुमच्याशी भांडायचं आहे म्हणून लिहितेय. समोर असता तर "सुनंदा, पुरे आता" म्हणून गप्प केलं असतंत. आता ऐकावंच लागेल. मंगळवारी कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत माझा जबाब आहे. तिथं मी काय बोलणार, ते आधी तुमच्या कानावर घालते. नंतर म्हणू नका की बायकोनं विचारलं नाही.

तुमचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं, तेव्हा एक दिवस खरात सुपरवायझर सफरचंदं घेऊन आले. तुम्ही चार महिने अंथरुणावर होतात, तेव्हा या माणसानं फोन उचलला नव्हता. आणि आता सफरचंदं! दारात चपला काढल्या, तुमच्या फोटोपुढं हात जोडले. "वहिनी, रघुनाथराव म्हणजे सोन्यासारखा माणूस," म्हणत डोळे पुसले. मी रुमालाकडंच बघत होते. कोरडा होता हो!

मग पिशवीतून कागद निघाला. तुम्हाला जुना दमा होता, त्याचा कामाशी संबंध नाही, असं त्यात लिहिलेलं. खाली माझी सही पाहिजे होती. सही झाली की आपल्या पल्लवीला कंपनीच्या ऑफिसात घेणार म्हणे.

दमा? तुम्हाला? सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तुमचा एक्स-रे उजेडाला धरून मला विचारलं होतं, "हे वाळूत काम करायचे का? फुफ्फुसं दगडासारखी झालीत." ओतीव लोखंडाचे भाग वाळूच्या फवाऱ्यानं साफ करायचं तुमचं काम. नऊ वर्षं तेच केलंत, तोंडाला घरचा रुमाल बांधून.

कागदाला तुमच्या दरवर्षीच्या तपासणीची कार्डं टाचलेली होती. "बघा, दरवर्षी ठणठणीत," खरात म्हणाले. मी म्हटलं, ठेवून जा, उद्या देते. त्यांचा चेहरा उतरला. "आत्ताच झालं असतं तर बरं होतं, वहिनी."

एवढी घाई कशाची?

ते गेल्यावर पल्लवीनं कार्डं वाचून दाखवली. वजन एकाहत्तर. पुढच्या वर्षी, एकाहत्तर. त्याच्या पुढच्या वर्षीही एकाहत्तर. पाच वर्षं तुम्ही तोळाभर वाढला नाहीत की घटला नाहीत. अहो, दर दिवाळीला तुमची पँट कोण शिवत होतं? छत्तीसची कंबर चौतीस झाली, मग बत्तीस, मग एकतीस. मी विचारलं की म्हणायचात, "उन्हाळ्यात भूक लागत नाय." दिवाळीत कसला उन्हाळा? तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. कापड वाचलं म्हणून खूश झाले मी, मूर्ख!

प्रत्येक कार्डाखाली तुमची सही होती. पल्लवी म्हणाली, "आई, खोटी असणार." मलाही तसंच वाटलं. खरं सांगू? बरं वाटलं. चोर दुसरा कुणीतरी असला की माणसाला बरं वाटतं.

पहिला संशय मी सलीमभाईंवर घेतला. तुमच्या शेजारी उभा राहून काम करणारा तुमचा दोस्त. मयतीला आले, पण माझ्याकडं नजर वर करून बघितलं नाही. चहा दिला तर नको म्हणाले. त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांना टोळीचा मुकादम केलं. कुणाच्याही मनात पाल चुकचुकेलच ना?

गेले मी करमाडला त्यांच्या घरी, भर दुपारी. त्यांच्या बायकोनं, शबानाभाभींनी पाणी दिलं. मी पाणी न पिताच कार्डं सलीमभाईंपुढं टाकली. "ही सही कुणी केली?"

ते उठले, पत्र्याच्या पेटीतून स्वतःचं कार्ड काढून आणलं. वजन एकाहत्तर! सलीमभाईंचं! ज्यांच्या एका सदऱ्याला मला दोन माणसांचं कापड लागतं ते सलीमभाई, आणि शेवटी हाडं राहिलेले तुम्ही, दोघं सारख्या वजनाचे! मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं.

"भाभी, पहिल्या साली दवाखान्याची गाडी आलती," सलीमभाई सांगायला लागले. "वजन केलं, छातीचा फोटो काढला. तिघांच्या फोटोत डाग निघाले. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं तिघांला गेटातूनच परत लावलं. त्याच्यानंतर गाडी आलीच नाय. रांगेत उभं करायचे, हातात एक केळं द्यायचे, सही घ्यायचे. हम सब चुप."

"आणि यांची सही?"

"त्यानंच केली. पाची साल. माझ्यासमोर." मग खाली बघत म्हणाले, "रघूला समजत व्हतं, भाभी. जिना चढताना मधी बसायचा. म्हणला, पल्लवीचं शिक्षण होऊ दे, मग बघू. आन घरी बोलू नको म्हणला. म्हणून तर तुमच्या घरचा चहा घशाखाली उतरला नसता."

सगळ्यांवर संशय घेऊन झाला, खरातांवर, ठेकेदारावर, सलीमभाईंवर. आणि लपवणारा निघाला कोण? माझाच नवरा! तुम्हाला माझी एवढी भीती वाटत होती का? मी काय केलं असतं? फार तर कामावरून सोडवून आणलं असतं. रात्रंदिवस मशीन चालवली असती. पण तुम्ही मला विचारलंच नाहीत. हे मी अजून माफ केलेलं नाही.

खरातांचा कागद मी सही न करता परत पाठवला. पल्लवी दोन दिवस रुसली, तिला ती नोकरी पाहिजे होती. तिसऱ्या दिवशी तिनंच निरीक्षकांना अर्ज लिहिला. सलीमभाईंनी स्वतः धरून टोळीतल्या नऊ जणांचे दवाखान्यात एक्स-रे काढून घेतले. चौघांच्या छातीत डाग आहेत. एक सलीमभाईच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून सुरुवात आहे, पण वाळूत पुन्हा पाय ठेवायचा नाही.

निरीक्षक पहिल्यांदा आले, तेव्हा धूळ ओढणारा पंखा गरगरत होता आणि सगळ्यांच्या तोंडावर कोरे मास्क! दुसऱ्या दिवशी पंखा बंद, मास्क कपाटात. आधीच कुणीतरी कळवलं असणार. कुणी, ते मला अजून कळलेलं नाही. मग ते न सांगता आले, तेव्हा डोळ्यांनी बघितलं. वाळूचं खातं बंद ठेवायचा हुकूम निघालाय. सलीमभाई आता पॅकिंगला आहेत. तरी मी रोज संध्याकाळी फोन करते, "आज वाळू चालू केली का?" "नाय भाभी, अजून तरी नाय," म्हणतात. माझा कशावरच विश्वास राहिलेला नाही.

आता मंगळवारचं. कंपनीचा वकील म्हणणार, कामगारांनी स्वतः सह्या केल्यात. पल्लवी म्हणते, "आई, बाबांची सही खोटी आहे म्हण. कोण बघायला येतंय?" एक दिवस मलाही ते पटलं होतं. तुमचं नाव स्वच्छ राहिलं असतं. पण तुमची सही खोटी ठरवली, तर उरलेल्या नऊ जणांनी काय करायचं? त्यांच्या सह्याही खऱ्याच आहेत. ते जिवंत आहेत, त्यांना रोज उत्तर द्यावं लागतंय.

म्हणून मी सांगणार आहे, की साहेब, सही माझ्या मालकांचीच आहे. पाचही वर्षांची. कामावरून काढतील या भीतीनं त्यांनी ती केली, आणि त्या भीतीपायीच ते गेले. वकील हसला तरी हेच सांगणार. लोक म्हणतील, रघुनाथची बायको नवऱ्याला नावं ठेवते. म्हणू देत. तुम्ही गप्प बसलात ते आमच्यासाठी, हे मला कळतं. पण तुमच्या नावानं मी गप्प बसणार नाही, हा शब्द देते.

रागावलेली, तरी तुमचीच,
सुनंदा