एकही चिंधी वाया जाणार नाही

४ नोव्हेंबर, सोमवार

चर्चचे मिस्टर अमेनुवोर आज बाकांचं काम ठरवायला आले आणि माझ्या वर्कशॉपच्या दारातच अडकले. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. फोमचे तुकडे, रेक्झिनच्या पट्ट्या, जुन्या सोफ्यांमधून निघालेला काथ्या. त्यांनी बाहेरूनच विचारलं, दावी एन्योनाम, बाकं ठेवणार कुठे? म्हणून ही वही. लिहून काढलं की शिस्त लागते. कॉलेजात गृहविज्ञान उगाच नाही घेतलं.

काम असं: रंगकामासाठी चर्च रिकामं होणार. सगळी बाकं चौदा तारखेला एकदम येणार. त्यांच्यावर नव्या गाद्या चढवून ती हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, रविवारच्या आत परत करायची. ही ऑर्डर मलाच हवी. माझ्या वडिलांनी त्या चर्चमध्ये जन्मभर बायबलचं वाचन केलं. मी पहिल्या रांगेत बसते, आणि पहिली रांग टोचते. मिस्टर अमेनुवोर म्हणाले, आजच जागा करा असं म्हणत नाही, पण चौदाला जागा दिसली तर बाकं तुमची. नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल.

दिसेल. दहा दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी.

५ नोव्हेंबर, सकाळी ७

माणसांना समोर उभं करून सांगितलं, पसारा मुळात डोक्यात असतो. कोमला, माझा मुख्य कारागीर, म्हणाला, हो मॅडम, पण थोडा खालीही सांडलाय. दुर्लक्ष केलं.

त्याचं म्हणणं, टिपर बोलवू, सगळं भरू, गावाबाहेर टाकून येऊ, जेवायच्या वेळेपर्यंत मोकळे. आळशी उपाय. तरी परवानगी दिली.

संध्याकाळ. टिपर आला होता. मी फक्त देखरेखीला उभी होते. हिरव्या मखमलीचा तळहाताएवढा तुकडा जाताना दिसला. खुर्चीच्या हाताला कधीही लागेल. तेवढा काढून घेतला. मग त्याच्या खालचा. मग त्याच्याशी जुळणारा. टिपर रिकामाच परत गेला. ड्रायव्हर म्हणाला, आई, पुढच्या वेळी नुसत्या गप्पा मारायच्या असतील तर मी सायकलवर येतो.

उद्धट माणूस.

६ नोव्हेंबर

वर्गीकरण. आकार, रंग, उपयोग. सकाळी चार ढीग होते, संध्याकाळपर्यंत ढिगांना पिल्लं झाली. "नंतर ठरवू" हा ढीग सर्वांत मोठा. पण आता पसारा नाही. आता ढीग आहेत.

७ नोव्हेंबर

सुचलं! उशा. फोम आणि चिंध्या बारीक कापायच्या, खोळीत भरायच्या, नाताळच्या आधी विकायच्या. खोली रिकामी, वर नाव. इतक्या वर्षांत गावात कुणाला कसं सुचलं नाही?

संध्याकाळी सोफावाल्यांच्या मंडळाची बैठक. उभी राहून जाहीर केलं, माझ्या वर्कशॉपमध्ये यापुढे एकही चिंधी वाया जाणार नाही. समोरच्या दुकानातला एफो दोत्से उठून टाळ्या वाजवायला लागला. तो वयाने माझ्याहून मोठा, तरी मला दावी म्हणतो. दावी, म्हणजे थोरली बहीण, म्हटलं की कामं फुकटात होतात असा त्याचा समज. म्हणाला, दावी, तुम्ही पडलात शिकलेल्या. आमच्या चिंध्यांचं काय हो? आम्ही त्या अशाच कुजवायच्या?

सभा माझ्याकडे बघत होती. म्हटलं, पाठव.

टाळ्या पुष्कळ वेळ चालल्या.

९ नोव्हेंबर, शनिवार

दोत्से स्वतः आला. इस्त्रीचा शर्ट, मागे हातगाडीवर पोती. रीतीप्रमाणे मी पाणी दिलं, तो प्यायला. मग माझी चौकशी, घरच्यांची चौकशी, परगावी असलेल्यांची चौकशी. घरचं पाणी प्यालेल्या माणसाला पोती परत ने म्हणता येत नाही. तसा माझा विचारही नव्हता.

त्याच्यामागून मंडळाचे बाकीचे सभासद आले. सगळे इस्त्रीचे शर्ट. पाण्याचा माठ दोनदा भरावा लागला. कोपऱ्यावर केंके, म्हणजे मक्याच्या आंबट पिठाचे उकडलेले गोळे, विकणारी आकू ओरडून विचारते, दावी, बारसं कुणाचं आहे? आम्हाला आवतण नाही ते? तिला सांगितलं, हा उद्योग आहे. ती म्हणाली, बरं बाई, उद्योगाचं नाव काय ठेवलंत?

प्रतिसाद अपेक्षेपलीकडचा आहे, एवढं खरं.

११ नोव्हेंबर

दिवसभर कात्री. तीन माणसं, तीन उशा. कोमलाचा अंगठा सुजला. वेग वाढेल.

नमुन्याची उशी काल रात्री मीच वापरली. किंचित गाठाळ. मान डावीकडे वळत नाही. पण मऊ उशीवर झोपून कुणाचं भलं झालं आहे?

१२ नोव्हेंबर

पहाटे खांबावरच्या भोंग्यावरून जाहिरात दिली: दावी एन्योनाम यांच्याकडे आरोग्यदायी उशा मिळतील. भोंगेवाल्याने विचारलं, आत काय भरता? मी अभिमानाने सांगितलं. त्याने तेही गावाला सांगितलं, आणि वर पदरचं घातलं की आणून द्याल तेवढं त्या घेतात.

आठ वाजता दारात रांग. उशी घ्यायला एकही नाही. एका टॅक्सीवाल्याने गाडीची मागची अख्खी सीट आणली. एक बाई गादी घेऊन आली, तिच्यावर कोंबडी बसलेली होती आणि उठायला तयार नव्हती.

लोकांमध्ये जागृती झाली. विक्री तिच्या मागोमाग येतेच.

१३ नोव्हेंबर

आजपासून काम बाहेर, आंब्याखाली. मोकळी हवा तब्येतीला चांगली. कोमला सकाळी आपला हातोडा आणायला आत गेला होता, बऱ्याच वेळाने दुसऱ्याच कुणाचा तरी घेऊन बाहेर आला. म्हणाला, मॅडम, उद्या बाकं येणार. मी पाया पडतो, टिपर बोलवा. म्हटलं, कोमला, आता ते सामान आपलं एकट्याचं नाही, लोकांनी विश्वासाने दिलंय. तो म्हणाला, हो ना, आमचा कुणावर इतका विश्वास बसत नाही.

दोत्सेकडे नजर गेली. त्याच्या दुकानात जमीन दिसते. लाल सिमेंटची आहे, मला माहीतच नव्हतं. मधोमध बसून सोंगट्या खेळत होता. सगळ्या मंडळाची दुकानं अशी लख्ख झाली आहेत. माझ्या योजनेचं यश याहून वेगळं काय असतं?

पोती भिंतीला लावून छतापर्यंत रचली. उद्याची काळजी नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पोती कोसळली. दार आतून बंद झालं. आत कुणी नव्हतं, ही देवाची कृपा. कोंबडी होती, ती खिडकीतून आली.

दहाला बाकं घेऊन ट्रक आला. मी मिस्टर अमेनुवोरना म्हटलं, दुपारपर्यंत थांबा. ते खिडकीतून आत बघत राहिले. मग हळूहळू मागे वळले. समोर दोत्से केरसुणी घेऊन दारात उभा होता. झाडायला काही नव्हतं, तरी झाडत होता.

मिस्टर अमेनुवोर म्हणाले, दावी, मनाला लावून घेऊ नका. तुमच्या वडिलांचं नाव मोठं आहे, पण बाकं लांब आहेत.

ट्रकला वळावंही लागलं नाही. माणसांनी बाकं उचलून रस्ता ओलांडला. पहिल्या रांगेचं बाक सगळ्यांत शेवटी गेलं. मी ते ओळखलं, डाव्या टोकाला वडिलांच्या कोपराने लाकूड गुळगुळीत झालं आहे.

आंब्याखाली बसून राहिले. आकूने केंके आणि तळलेला मासा पाठवला. पैसे घेतले नाहीत आणि थट्टाही केली नाही. हे जास्त लागलं.

१५ नोव्हेंबर

काल थोडी थकले होते. नीट विचार केला. मी त्याचं दुकान रिकामं केलं नसतं, तर चर्चची बाकं उघड्यावर पडली असती. म्हणजे हे काम माझ्यामुळेच होत आहे. दोत्सेला तसं सांगून आले. तो म्हणाला, अगदी बरोबर दावी, मी घरीही हेच सांगितलं. बायको अजून हसतेय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

उद्या हार्वेस्ट. चर्चमध्ये जाऊन पहिल्या रांगेत बसून पाहिलं. टोचत नाही. शिवण सरळ आहे. सरळ आहे म्हणजे आहे, उगाच खोटं कशाला लिहू?

आजची देवाणघेवाण, नोंद राहावी म्हणून:

एफो दोत्से यांनी चर्चला: सगळी बाकं, नव्या गाद्यांसह.

मी पाद्रीसाहेबांना: आरोग्यदायी उशी, एक. आभार मानून परत आली.

एफो दोत्से यांनी मला: चर्चच्या बाकांमधून उरलेल्या लाल रेक्झिनच्या आणि फोमच्या चिंध्या, चौदा पोती. मिळाल्या.