चकती भावजींच्या हवाली

मी, खाली सही करणारी, रसायनशास्त्राची निवृत्त संशोधक, थकले आहे, पण पूर्ण शुद्धीत आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तेवढी उमेद घरात आता कोणाला उरलेली नाही.

राहते घर व बँकेतील शिल्लक मुलीला. गळके नळ तिने आधी बदलावेत. मी फार चालढकल केली.

शिलाई मशीन जाऊबाईंना. एवढ्या भांडणातही त्यांनी माझ्याशी बोलणे सोडले नाही.

आता चकती. ती माझे यजमान, धाकटे दीर आणि मी, तिघांनी मिळून केली. पारदर्शक पदार्थ माझा: लेसर पडला की तेवढाच ठिपका बदलतो आणि पुढे निळ्या प्रकाशात चमकतो. असे थरावर थर, म्हणजे एका चकतीत कपाटभर मजकूर. वाचणारे यंत्र भावजींचे. चाचणीसाठी यजमान बोलायचे आणि ते आम्ही चकतीवर उतरवायचो: हवापाणी, बातम्या, माझ्या स्वयंपाकाची टिंगल.

गिऱ्हाइकासमोर यंत्र लावले, तर खालच्या थरांतले आवाज एकमेकांत मिसळले. गिऱ्हाईक उठून गेले. भावजी सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनींचं रसायनच कच्चं." मी म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." त्याच वर्षी यजमान गेले. यंत्र भावजींनी नेले, चकती मी ठेवली. एकावाचून दुसरे निरुपयोगी, हे दोघांनाही ठाऊक होते. उंबरा कोणीच ओलांडला नाही. यजमानांचा आवाज त्या चकतीखेरीज दुसरीकडे कुठेही नाही.

परवा मुलगी म्हणाली, "आई, बाबांचा आवाज मला आठवतच नाही गं." मग मीच फोन केला.

काल भावजी आले. म्हातारे झालेत. "वहिनी, यंत्र सुटं करून ठेवलंय. जुळवायला वेळ लागेल." खिशातला निळा दिवा त्यांनी चकतीवर धरला. फिकट हिरवा उजेड उमटला. मला वाटले होते, केव्हाच विझले असेल. मी बघतच राहिले, तोच त्यांनी दिवा बंद केला.

"राहू द्या ना जरा, भावजी."

"नको, वहिनी. दर वेळी थोडं झिजतं. पोरीसाठी राहू दे."

म्हणून चकती मुलीची, पण यंत्र जुळेपर्यंत भावजींच्या ताब्यात. पहिल्याच वाचनात नक्कल करून घ्यावी. तोवर मी नसले, तर हळहळत बसू नये. भांडण मात्र कोणाच्याही वाट्याला देऊ नये.

साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही), कोपऱ्यावरचे चष्मेवाले (सही)
लिहून देणार: (सही)
ठिकाण: राहत्या घरातील मागची खोली
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्यावर आहे तोच