तुझ्या चॉकलेटांचा काही दोष नाही

देवळाली प्रवरा,
दुपार, वीज गेलेली

तीर्थरूप छबूमावशीस,

निकिताचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगाला पालथं पडावं लागतं आणि पोटावर सध्या गरम पाण्याची पिशवी आहे, तेव्हा पोट सोडून बाकीच्या अंगांनी केलाय असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? काकांचा खोकला? भात झोडून झाला का? इकडं उसाला तुरे आलेत आणि सकाळी पाटावर असं धुकं उतरतं की समोरून येणारा माणूस अर्धाच दिसतो. पिशवीच्या उबेनं मलाही आत्ता सगळं अर्धंच दिसतंय, म्हणून अक्षर वाकडं गेलं तर रागावू नकोस.

परवा फोनवर तू रडलीस ते मला मुळीच आवडलं नाही. म्हणे, "माझ्याच चॉकलेटांनी पोरीचं वाटोळं केलं!" काका शेजारी बसलेले, त्यामुळं मी काहीही समजावलं तरी तू नुसती "बरं, बरं" करत होतीस. म्हणून हे पत्र. एकटी असताना वाच.

त्याचं झालं असं. पाळी आली की मी भिंत धरून चालते, हे तुला ठाऊकच आहे. शेवटी नगरला एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. सोनोग्राफी बघून त्या म्हणाल्या, एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर भलतीकडंच वाढतं. आणि अंडाशयात चॉकलेट सिस्ट आहे. एवढं कानावर पडताच आमचे हर्षलराव (नवरा गुणाचा, पण पूर्ण ऐकून घेणं त्याच्या रक्तात नाही) बाहेर गेले आणि आईला फोन लावून मोकळे झाले, "चॉकलेटची गाठ झालीय." आम्ही घरी पोचायच्या आत सगळ्या वस्तीनं माझं लहानपण उकरून काढलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "लई खाल्ली आसतील बारीकपनी. मावशीनं लाडावलं, दुसरं काय!" तेच फिरत फिरत तुझ्यापर्यंत आलं.

मग घरातली चॉकलेटं गेली. मग बिस्किटं गेली. मग चॉकलेटी दिसते म्हणून गुळाची ढेप माळ्यावर गेली, आणि शेवटी माझी चॉकलेटी साडीसुद्धा! (शिर्डीला नेसले होते तीच, हर्षलनं हौसेनं घेतलेली.) अगं, आत जुनं रक्त साचून चॉकलेटी दिसतं, म्हणून त्या गाठीला ते नाव. खाण्याशी काडीचाही संबंध नाही, डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलंय. हे मी सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मंग मी रंगाचंच म्हनत हुते की!"

गोळ्या चालू आहेत आणि जोडीला सवयी आहेत. सवयींनी दुखणं मुळातून जात नाही, हे बाईंनी आधीच बजावलं, पण सोसायला हलकं होतं. तळलेलं कमी, पालेभाज्या, भाकरी, जवस. (सासूबाई: "मंग तिनं नवीन काय सांगितलं?") चहा कमी, वेळेवर झोप, पोटाला शेक आणि रोज चालणं. या चालण्यानं माझी फार फजिती केली. बाई पाटाच्या कडेनं रिकाम्या हातानं चालली की आपल्याकडं लोकांना चैन पडत नाही. पहिल्याच दिवशी येणारी प्रत्येक मोटारसायकल थांबली. "बसा वैनी, सोडतो." कुठं सोडणार? मला कुठंच जायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरी बातमी आली की सूनबाई रुसून माहेरी निघाली. तेव्हापासून मी हातात रिकामी किटली घेऊन चालते. किटली दिसली की बाई कामाला निघाली, कुणी काही विचारत नाही.

आणि मावशी, त्या धुक्यात काय होतं सांगू? पाटाचं पाणी आवाज न करता सोबत चालतं. वर तुरे दिसतात, खाली ऊसच नसतो. आपण चालत नाही, कुणीतरी आपल्याला हळूच पुढं नेतंय असं वाटतं, आणि आपल्याला पोट आहे हेच मी विसरते. परवा अशाच तंद्रीत थेट पुढच्या गावच्या डेअरीवर पोचले. तिथल्या माणसानं हातातली किटली घेऊन मापात उलटी केली. एक थेंब नाही! तो माझ्याकडं बघतोय, मी किटलीकडं बघतेय. "वासरालाच पाजलं व्हय समदं?" म्हणाला. मी हो म्हणाले आणि उसाच्या ट्रॅक्टरवर बसून घरी आले.

त्या तंद्रीत हल्ली मला तुझं घर दिसतं. भाताच्या कणगीला टेकून तू बसलेली, फडक्यात गुंडाळलेली तापलेली वीट पोटाशी, ओठ दाबलेले. मी दारात आले की तू हसायचीस, कनवटीचं चॉकलेट माझ्या हातावर ठेवायचीस आणि म्हणायचीस, "मी अशी टेकले हुते म्हनून कुनाला सांगू नको हां." घरातले तुला नाटकी म्हणायचे. मला मात्र ते चॉकलेट फार आवडायचं. आता माझ्या पोटावर पिशवी आल्यावर ती वीट कशासाठी होती ते कळलं, आणि मी ढसाढसा रडले.

असो. काकांना नमस्कार सांग, तू जप.

तुझीच,
निकिता

ता. क. येताना चॉकलेट आण. सासूबाईंच्या देखत खायचंय.

दुसरा ता. क. हो, येताना! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आई, बहीण, मावशी, कुणाला असं दुखतं का? मी तुझं नाव सांगितलं. अजून दर महिन्याला वीट तापतेच ना तुझ्याकडं? पुढच्या खेपेला त्यांनी तुलाही आणायला सांगितलंय. काकांना म्हणावं, निकिताला सोबत हवीय. (आणि ते खोटं नाही.) हर्षल संगमनेरच्या स्टँडवर घ्यायला येईल.

शेवटचा ता. क. कुणाला सांगायचं नाही असं आपलं ठरलं होतं, ते मी मोडलं. पण चॉकलेटं कधीच खाऊन झालीत, ती काही आता परत मिळायची नाहीत. तू ये.