धामणीच्या लाकडाचा दांडा

उटी, १२ जानेवारी १९८८

ती. आबांना वनाचा वाकून नमस्कार. मी बरा आहे, जेवण चांगलं मिळतं. धुळ्याला थंडी किती?

इथल्या गोल्फच्या मैदानावर साठ वर्षांपासून एक सामना होतो. त्यात जुन्या, हिकरी नावाच्या विलायती लाकडाच्या काठ्यांनीच खेळतात. त्यांची दुरुस्ती माझ्याकडे. परवा मैदानाच्या थोरल्या साहेबांच्या वडिलांची काठी माझ्या हातून मोडली. पहिला सामना वडिलांनी तिनेच जिंकला होता. हिकरी मिळेना, म्हणून येताना तुम्ही बांधून दिलेल्या धामणीच्या चिवट लाकडाचा दांडा बसवला आणि घाबरून कोणाला सांगितलं नाही.

काल सामन्याला साहेबांनी काठी उचलली, तेव्हा मी ओरडलोच, "साहेब, थांबा! दांडा आमच्या सातपुड्यातला आहे. तुटला तर कोणाला तरी लागेल!"

साहेबांनी दांडा बोटांनी चाचपून पाहिला. मग सगळ्यांना मागे सारून त्यांनी चेंडू मारला. दांडा वाकला, पण तुटला नाही.

"सामन्यात ही चालणार नाही," ते म्हणाले, "एरवी मी हिनेच खेळेन."

कामावरून काढलं नाही. मायचा खोकला कसा आहे? तिला पत्र वाचून दाखवाल तेव्हा मी घाबरलो होतो ते गाळा.

तुमचा,
वना