व्यासपीठावरचं पत्र

शुऐबा, कुवेत
३ ऑक्टोबर

चि. सुमेधास,
अ. उ. आ.

रफीक सुट्टीवर रत्नागिरीला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो. मी फोन टाळतो म्हणून रुसलीस ना? खरं सांगतो, पण पोटात ठेव. माझा डावा कान गेलाय, उजवा निम्मा उरलाय. आई फोनवर काय बोलते ते कळत नाही, नुसतं हो हो करतो. तिला सांगू नकोस. कारखान्यातही ठाऊक नाही. भोंगा वाजला की मी शेजारच्या कासमकडे बघतो. कळलं तर घरी पाठवतील, आणि आमच्या लेकीची, स्पृहाची बारावी इथे अर्ध्यावर राहील.

तिकडे निवडणूक आली तरी तुझं मत म्हणे ठरलेलं नाही! लहानपणी एका फ्रॉकसाठी चार दुकानं हिंडायचीस, तशीच आहेस अजून.

आईस शि. सा. न. माझ्यावरचा लोभ असाच राहू दे.

तुझा,
दादा

रत्नागिरी
२४ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कसं लिहू? इथे पक्षाचं जिल्हा अधिवेशन झालं. आखातात माणूस असलेल्या घरांची मतं ठरलेली नाहीत, म्हणून तालुकाप्रमुख घरोघर फिरत होते. तुला इथेच नोकरी मिळेल या आशेने मी त्यांना तुझं पत्र दाखवलं. नाव घेणार नाही म्हणाले होते.

नेत्यांनी ते व्यासपीठावरून वाचलं, नावागावासकट. आपल्या आळीतल्या बायका रडल्या, मत न ठरलेल्यांनी तिथेच हात वर केले. खोटं कशाला सांगू, ते इतकं छान वाचत होते की माझंही मत तिथेच ठरलं. मीही टाळ्या वाजवल्या. मग शेजारी बसलेल्या आईकडे लक्ष गेलं. ती पदर तोंडाला लावून उठून गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

मला क्षमा कर, दादा. पाठची म्हणून पदरात घे.

तुझी,
सुमेधा

शुऐबा
९ नोव्हेंबर

सुमेधास,

तुझ्या पत्राआधीच भाषणाचा व्हिडिओ इथे पोचला. साहेबांनी मला समोर बसवून दाखवला, दुसऱ्या दिवशी कान तपासून घेतले. महिनाअखेरीला मी, तुझी वहिनी आणि स्पृहा, तिघंही परत येतोय. स्पृहा शाळेचा गणवेश घालून बसली होती.

नेत्याचा मला राग नाही. तो मला ओळखतही नाही, मतं मिळवणं त्याचं कामच आहे. दगा तू दिलास. आणि माझं दुखणं मी लिहिलं तेव्हा तुला पुरेसं वाटलं नाही, माइकवरून ऐकलंस तेव्हा पटलं.

पक्षाची माणसं विमानतळावर हार घेऊन येणार आहेत म्हणे. त्यांना नको म्हणून सांग. तूही येऊ नकोस.

लोभाबद्दल आज काही लिहवत नाही.

गुरुप्रसाद